लोकनेते कै. दि. बा. पाटील

खांदा कॉलनीतील रस्ते व इमारती पाहून येथे एके काळी भाताची शेते होती, हे नव्या पिढीला सांगावे लागते. ती शेते ज्यांची गेली, त्यांच्या हक्कासाठी झगडलेल्या नेत्याचे स्मरण या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी करणे हे आपले कर्तव्य आहे.

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म 13 जानेवारी 1926 रोजी उरण तालुक्यातील जासई गावी शेतकरी कुटुंबात झाला. ते वकील झाले. 1957 साली, अवघ्या 31 व्या वर्षी, शेतकरी कामगार पक्षातर्फे ते पनवेलचे आमदार झाले. पुढे 1962, 1967, 1972 व 1980 सालीही पनवेलकरांनी त्यांनाच विधानसभेत पाठविले. तेथे ते विरोधी पक्षनेते होते. 1977 व 1984 साली ते लोकसभेवर निवडून गेले.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील 95 गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. मोबदल्याचे पैसे चार दिवसांत संपतात, जमीन मात्र परत येत नाही, हे दिबांनी ओळखले. शेतकऱ्याला विकसित जमिनीत वाटा मिळालाच पाहिजे, हा आग्रह त्यांनी सभागृहात व रस्त्यावर धरला. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यातील आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मा झाले.

अखेर 1990 व 1994 च्या शासन निर्णयांनी साडेबारा टक्के योजना आली. एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे गेलेल्यास पाच गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के वजा होऊन हाती साडेतीनच गुंठे येतात. हिशेब लहान वाटेल; पण भूमिहीन झालेल्या कुटुंबाला आपल्याच गावच्या मातीत पुन्हा पाय रोवता आले, ते त्या साडेतीन गुंठ्यांवर.

24 जून 2013 रोजी दिबांचे निधन झाले. 2022 साली राज्य विधिमंडळाने नवी मुंबई विमानतळास त्यांचे नाव देण्याचा ठराव केला.

ग्रामस्थांनी हा वाटा जपून ठेवावा आणि बाहेरून येऊन येथे स्थायिक झालेल्या देणगीदार बंधुभगिनींनी या मातीचे मोल जाणावे, हीच नम्र विनंती. दिबांच्या व पाच हुतात्म्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.