मारी-आंत्वान कारेम

मारी-आंत्वान कारेम (जन्म : पॅरिस, १७८४ च्या सुमारास, मृत्यू : पॅरिस, १२ जानेवारी १८३३) हे फ्रान्समधील विख्यात बल्लवाचार्य, मिष्टान्न-कारागीर व पाकशास्त्रावरील ग्रंथकार होते. साखरेच्या लगद्यातून वास्तुशिल्पे उभारण्याच्या कलेसाठी ते विशेष ओळखले जातात.

घरच्या दारिद्र्यामुळे, राज्यक्रांतीच्या धामधुमीत वडिलांनी त्यांना लहानपणीच रस्त्यावर सोडून दिले. एका साध्या खानावळीत हरकाम्या म्हणून राहिल्यानंतर १७९८ च्या सुमारास त्यांनी पाले-रॉयालजवळील मिष्टान्न-विक्रेते बायी यांच्याकडे उमेदवारी पत्करली. बायी यांनी या मुलाला राष्ट्रीय ग्रंथालयात जाण्याची सवड दिली, हे त्यांचे थोर उपकारच म्हणावे लागतील. तेथे ग्रीस, रोम, इजिप्त व चीन येथील वास्तूंची चित्रे कारेम यांनी उतरवून घेतली आणि तीच मंदिरे, मनोरे व भग्नावशेष साखरेत घडवले.

या कामाचा लगदा ट्रॅगाकँथ नावाचा डिंक भिजवून, त्यात पिठीसाखर मळून करीत. तो पातळ लाटायचा, साच्याबरहुकूम कापायचा, वाळवायचा आणि मग तुकडे जोडायचे. वाळल्यावर तो चिनी मातीसारखा कडक होतो. आजच्या लाटीव फॉन्डंटमध्ये ग्लुकोज व ग्लिसरीन असल्याने तो मऊ राहतो व केकभोवती लपेटता येतो; कारेम यांचा लगदा मात्र लपेटण्यासाठी नव्हे, उभारण्यासाठी होता. दोहोंचा शत्रू एकच, उघडी हवा. पृष्ठभाग सुकला की लाटताना तडे जातात. म्हणून उरलेला गोळा झाकूनच ठेवावा लागतो.

पुढे मुत्सद्दी तालेरां, इंग्लंडचा राजप्रतिनिधी जॉर्ज व रॉथ्सचाइल्ड कुटुंब यांच्याकडे त्यांनी काम केले. मेजवानी सरली की या साखरशिल्पांचे आयुष्य सरे. आज त्यांची कल्पना येते ती कारेम यांनी स्वतः रेखाटून १८१५ मध्ये ‘ल पातिस्ये पितोरेस्क’ या ग्रंथात प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांमुळे. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या माणसाची ही रेखाटने मुद्दाम पाहावीत अशी आहेत.

पदार्थ निवू नयेत म्हणून त्या काळी भटारखान्याच्या खिडक्या बंद ठेवीत. कोळशाच्या त्या धुरानेच त्यांची प्रकृती ढासळली, असे सामान्यतः मानले जाते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच पाककलेवरील त्यांचा ग्रंथ अपुरा राहिला. त्याचे अखेरचे दोन खंड प्ल्युम्रे यांनी पूर्ण केले. कारेम यांची समाधी पॅरिसमधील मोंमार्त्र दफनभूमीत आहे.