जोतीराव फुले आणि अमेरिकेचीं पुस्तकें

लोटे, जि. रत्नागिरी

वाचकहो, जोतीराव फुले यांचें नांव ऐकलें नाहीं असें घर आतां महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. मुलींची शाळा, अस्पृश्य मानिलेल्यांसाठीं खुला केलेला हौद, सत्यशोधक समाज, हीं त्यांचीं कामें शाळेंतलीं लहान मुलेंहि सांगतात. परंतु ह्या माळ्याच्या मुलाच्या हातीं सातासमुद्रांपलीकडील एका राष्ट्राच्या जन्माचा वृत्तांत आला, तो त्यानें कसा वाचला, आणि वाचून त्याचें काय केलें, हा त्यांच्या चरित्राचा भाग खेड्यांतील मंडळ्यांमध्यें फारसा सांगितला जात नाहीं. तोच आज सांगावयाचा आहे.

जोतीरावांचा जन्म पुण्यांत १८२७ सालीं झाला. घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें व आडनांव गोऱ्हे. पुण्यास फुलांचा धंदा पत्करल्यावर लोक त्यांस फुले म्हणूं लागले. आई चिमणाबाई मूल तान्हें असतांनाच वारली, आणि सगुणाबाई नांवाच्या आप्त स्त्रीनें त्याला वाढविलें. ही बाई एका मिशनरी साहेबांच्या घरीं कामास असे. मुलगा थोडें लिहूंवाचूं लागला तोंच एका कारकुनानें बाप गोविंदराव यांचे कान भरले कीं, माळ्याच्या पोरास विद्या कशाला; तो ना शेतीचा राहील ना घरचा. शाळा सुटली व हातीं खुरपें आलें. रात्रीं दिव्यापाशीं मात्र पुस्तक सुटलें नाहीं. तें पाहून शेजारचे गफार बेग मुनशी आणि लेजिट नांवाचे एक साहेब ह्या दोघांनीं बापाची समजूत घातली, व १८४१ सालीं जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत बसले.

तेथील अभ्यास १८४७ सालीं संपला. त्याच वर्षीं त्यांनीं मित्रांसह थॉमस पेन ह्या ग्रंथकाराचें मनुष्याच्या हक्कांविषयींचें इंग्रजी पुस्तक वाचलें. ह्या मित्रांत सदाशिव बल्लाळ गोवंडे हे सर्वांत जवळचे. ते जातीनें ब्राह्मण होते, हें मी मुद्दाम नमूद करितों. पुढील हकीकत वाचतांना तें ध्यानांत असावें.

हा पेन कोण होता? इंग्लंडांतील थेटफर्ड गांवीं १७३७ सालीं एका साध्या कारागिराच्या घरीं त्याचा जन्म झाला. बाप स्त्रियांच्या घट्ट कांचोळ्या तयार करीत असे, आणि मुलगाहि तोच धंदा शिकला. पुढें जकातीच्या खात्यांतली नोकरी गेली, दुकान बुडालें, संसारहि मोडला. सदतिसाव्या वर्षीं तो अमेरिकेस निघाला. खिशांत बेंजामिन फ्रँकलिन यांचें शिफारसपत्र होतें, अंगांत मात्र इतका ताप होता कीं, फिलाडेल्फियाच्या बंदरांत त्याला जहाजावरून उचलून उतरवावें लागलें. तेव्हां अमेरिकेंतील तेरा वसाहतींचा इंग्लंडच्या राजाशीं करांवरून तंटा चालू होता, परंतु पुष्कळांस अजून वाटत होतें कीं राजा आपलाच आहे, समेट होईल. १७७६ च्या जानेवारींत पेननें एक लहानसें चोपडें छापिलें. त्याची भाषा वकिलाची नव्हती. सुतारास व शेतकऱ्यास समजावी अशी होती. एका माणसाला दुसऱ्या माणसांवर केवळ जन्मानें राज्य करण्याचा अधिकार येतो, ही समजूतच त्यानें मुळांतून उपटली. त्याच वर्षाच्या जुलईंत वसाहतींनीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढिला. वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टनचें सैन्य हरत, थंडीनें गारठत मागें हटत होतें, तेव्हां पेनचाच एक लेख शिपायांस वाचून दाखविण्यांत आला असें सांगतात. नाताळाच्या रात्रीं त्या सैन्यानें बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडली व ट्रेंटन येथें जय मिळविला.

जोतीरावांनीं वाचलेलें पुस्तक ह्यानंतरचें, म्हणजे १७९१ व १७९२ ह्या सालीं दोन भागांत निघालेलें. फ्रान्सांतील राज्यक्रांतीवर एडमंड बर्क यांनीं केलेल्या टीकेला तें उत्तर होतें, व त्याचा पहिला भाग पेननें वॉशिंग्टन यांस अर्पण केला होता. ही अर्पणपत्रिका वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

येथें आम्हां मंडळीच्या लोकांस अवघड वाटेल अशी एक गोष्ट आहे, आणि ती झांकून ठेवणें मला योग्य दिसत नाहीं. ह्याच पेननें १७९४ पासून दुसरा एक ग्रंथ छापिला. त्यांत एका देवावरील आपला विश्वास त्यानें कबूल केला, परंतु पवित्र शास्त्रावर व सर्व धर्ममंडळ्यांवर कठोर हल्ला केला. ज्या अमेरिकेसाठीं त्यानें लेखणी झिजविली, तिनेंहि मग त्याच्याकडे पाठ फिरविली. १८०९ सालीं न्यूयॉर्क येथें तो मरण पावला तेव्हां प्रेतामागें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं माणसें होतीं. हिंदुस्थानांतील मिशनरी तर पेनच्या नांवानें कान टवकारीत, कारण त्याचे ग्रंथ येथील शिकलेल्या तरुणांत फिरत असत. मिशनच्या शाळेनें जोतीरावांस इंग्रजी शिकविलें. त्या इंग्रजीनें त्यांनीं काय वाचावें हें शाळेच्या हातीं राहिलें नाहीं. मला ह्यांत मिशनची हानि दिसत नाहीं. ज्याला वाचावयास शिकविलें तो आपल्या बुद्धीनें पुस्तक निवडणार, हें शिकविणारानें आधींच समजून घ्यावें.

वॉशिंग्टन व शिवाजी महाराज यांचीं चरित्रेंहि जोतीरावांनीं त्याच वयांत वाचलीं. वॉशिंग्टनविषयीं येथें थोडें विषयांतर करितों, कारण लहानपणीं त्यानें बापाचें चेरीचें झाड तोडलें व खरें बोलून गुन्हा कबूल केला, ही गोष्ट आमचे कित्येक उपदेशक अद्याप प्रवचनांत घालतात. ती गोष्ट खरी असल्याचा पुरावा नाहीं. वीम्स नांवाच्या लेखकानें वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर चरित्र लिहिलें, आणि १८०६ सालच्या आवृत्तींत ती प्रथम दिसते. सत्य बोलण्याचा धडा देण्यासाठीं रचलेली गोष्ट रचणारा हा गृहस्थ आमच्याच पेशाचा, म्हणजे पाळक होता! तेव्हां थोरांचें चरित्र कोणतें व त्यावर चढविलेली कहाणी कोणती, हें वाचणारानें निवडून घ्यावें लागतें.

जोतीरावांची निवड कशी होती तें पाहा. लहुजी साळवे यांच्या तालमींत दांडपट्टा शिकणाऱ्या त्या तरुणाच्या मनांत परक्यांचें राज्य उलथावें असें विचार येत होते. ज्यानें वॉशिंग्टन वाचला त्याला तसें वाटणें साहजिकच होतें. परंतु १८४८ सालीं एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत चालत असतां शूद्र म्हणून त्यांचा अपमान झाला, व ते घरीं परतले. तेव्हां पेनच्या पुस्तकाचा अर्थ त्यांस निराळा लागला असावा. विद्या जशी रक्तांतून उतरत नाहीं तसा अधिकारहि उतरत नाहीं, हा पेनचा युक्तिवाद लंडनच्या राजाविरुद्ध होता. तोच पुण्याच्या पेठेंतल्या जन्मसिद्ध श्रेष्ठत्वालाहि लागू पडत होता. फिलाडेल्फियाचा राजा समुद्रापलीकडे होता. जोतीरावांच्या शूद्रातिशूद्रांवर सत्ता चालविणारा गल्लींतच होता, आणि त्याला तोफेची गरज नव्हती. समोरच्याचें अज्ञान पुरत होतें.

म्हणून त्यांनीं बंदुकीऐवजीं पाटी उचलली. गोवंडे यांच्यासह ते अहमदनगरास गेले असतां अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळा त्यांनीं पाहिल्या. ही बाई १८२७ सालींच, म्हणजे जोतीरावांच्या जन्मवर्षीं, मुंबईस आलेली. परत येऊन १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढिली व पत्नी सावित्रीबाईंस शिकवून शिक्षिका केलें. पुढील हालअपेष्टा, शेणाचा मारा, बापानें घराबाहेर काढणें, हें सर्व प्रसिद्धच आहे. त्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता नांवाच्या मांग जातीच्या मुलीचा निबंध १८५५ सालीं ज्ञानोदयांत छापून आला. महार व मांग लोकांची दुःखें तिनें स्वतःच्या शब्दांनीं मांडलीं होतीं.

त्याच वर्षीं जोतीरावांनीं तृतीय रत्न नांवाचें नाटक लिहिलें. एक जोशी एका गर्भवती कुणबिणीस ग्रहांची भीति घालून तिचें घर धुऊन नेतो. विदूषक मधून मधून टोचून बोलतो. एक पाद्री येऊन वाद घालतो. आणि शेवटीं तें जोडपें रात्रीच्या शाळेंत शिकावयास निघतें. दक्षिणा प्राइज कमिटीनें तें नापसंत केलें. आमच्या खेड्यांतून तें नाटक आजहि उभें राहील असें मला वाटतें. १८६९ सालीं त्यांनीं शिवाजी महाराजांवर पोवाडा रचिला. इतिहास, नाटक, पोवाडा, जें ज्याला ऐकूं जाईल त्यांतून तोच प्रश्न विचारावयाचा, ही त्यांची रीत दिसते.

१८७३ सालीं गुलामगिरी हा ग्रंथ निघाला. तो धोंडीबा व जोतीराव ह्यांच्या संवादाच्या रूपानें लिहिलेला आहे, आणि आम्हां लोटेकरांस तो विशेष जवळचा, कारण त्यांत परशुरामाचें प्रकरण आहे. परशुरामाचें देवस्थान आमच्या शेजारींच घाटांत आहे, व कोंकण त्यानेंच समुद्र हटवून निर्माण केलें ही कथा येथें कोणास सांगावी लागत नाहीं. अवतारांच्या ह्या कथा म्हणजे बाहेरून चढाई करून आलेल्या लोकांचा इतिहास होय, असें धरून जोतीरावांनीं त्या उलगडल्या. इतकेंच नव्हे, तर परशुराम चिरंजीव आहे ना, मग त्यानें येऊन जाब द्यावा, असें एक पत्रच त्यांत घातलें. आजचे अभ्यासक हें सर्व जसेंच्या तसें इतिहास म्हणून स्वीकारीत नाहींत. आणि जो ख्रिस्ती भाऊ तें पत्र शेजाऱ्याच्या दैवताची थट्टा करण्यासाठीं वापरील, त्याला जोतीरावांचा रोख समजलाच नाहीं. रोख शेजाऱ्यावर नव्हता, जन्मानें उच्चनीच ठरविणाऱ्या सत्तेवर होता.

आतां ती अर्पणपत्रिका. पेननें आपलें पुस्तक वॉशिंग्टनला अर्पण केलें होतें. परंतु अमेरिकेच्या स्थापकांच्या घरीं आफ्रिकेहून आणिलेल्यांचे वंशज गुलाम म्हणून राबत होते. सर्व माणसें समान असें ज्या जाहीरनाम्यांत म्हटलें आहे त्याचा लेखक जेफरसन ह्याच्या मालकींत आयुष्यभरांत मिळून सहाशेंहून अधिक गुलाम होते. वॉशिंग्टननेंहि गुलाम ठेविले. पत्नीच्या पश्चात् ते मोकळे व्हावे एवढी सोय मृत्युपत्रांत केली. १७८७ च्या राज्यघटनेंत प्रतिनिधि ठरवितांना गुलाम मनुष्य पूर्ण एक न मोजतां तीनपंचमांश मोजावा असें ठरलें. हें पाप धुऊन काढावयास १८६१ पासून १८६५ पर्यंत भाऊबंदकीचें युद्ध व्हावें लागलें, सहा लाखांवर माणसें मेलीं, तेव्हां कोठें कायद्यानें गुलामगिरी संपली.

त्यानंतर आठच वर्षांनीं जोतीरावांचें पुस्तक छापलें, व त्यांनीं तें वॉशिंग्टनला अर्पण केलें नाहीं, जेफरसनला नाहीं, पेनलाहि नाहीं. ज्या अमेरिकन लोकांनीं स्वतःचा लाभ न पाहतां काळ्या गुलामांस मुक्त केलें, त्यांस तें अर्पण केलें, आणि आपल्या देशबांधवांनीं त्यांच्यापासून धडा घ्यावा अशी आशा व्यक्त केली. ज्यांनीं स्वातंत्र्य मिळविलें त्यांच्यापेक्षां ज्यांनीं तें दुसऱ्यांस दिलें, त्यांस त्यांनीं वरचें आसन दिलें. अमेरिकेचा इतिहास लिहिणाऱ्या कित्येक विद्वानांस जी गोष्ट स्पष्ट बोलावयास पुढें फार वर्षें लागलीं, ती पुण्याच्या ह्या वाचकास १८७३ सालींच दिसली होती. गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र त्यांस होते; म्हणून उच्च मानिलेला मनुष्यहि आपला हक्क सोडूं शकतो, ही आशा त्यांस पोकळ वाटली नसावी.

त्याच सालच्या २४ सप्टेंबर रोजीं सत्यशोधक समाज स्थापन झाला. जोतीरावांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. पुष्कळ मिशनरी त्यांचे मित्र होते, स्कॉटिश मिशनच्या शाळेंत त्यांनीं कांहीं काळ शिकविलेंहि, तरी ते आपल्या वाटेनें गेले. आणि त्यांच्या एकेश्वरी मतांत पेनच्या त्या दुसऱ्या ग्रंथाची छाया अभ्यासकांस दिसते. १८८८ सालीं मुंबईस लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी दिली, व त्याच वर्षीं अर्धांगवायूनें त्यांची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हां डाव्या हातानें त्यांनीं सार्वजनिक सत्यधर्म हें पुस्तक लिहून पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांचा अंत झाला, व पुस्तक दत्तक पुत्र यशवंत यांनीं १८९१ सालीं छापिलें. त्यांत एक कुटुंब कल्पिलें आहे. बायकोनें हवें तर बौद्ध धर्म स्वीकारावा, नवऱ्यानें ख्रिस्ती व्हावें, मुलीनें इस्लाम पत्करावा, मुलानें सार्वजनिक सत्यधर्मी व्हावें, आणि कोणीं कोणाचा द्वेष न करितां सर्वांनीं एकाच घरांत राहावें.