वाघाच्या मुखवट्यामागचा लेखक

२४ मार्च १९७० रोजी टोकियो शहरात कोदान्शा या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या सभागृहात सुमारे सातशे माणसे एका मुष्टियोद्ध्याच्या अंत्यविधीसाठी जमली होती. मध्यभागी मुष्टियुद्धाचे रिंगण उभारले होते आणि बौद्ध भिक्षू सूत्रपठण करीत होते. हा सारा विधी तेरायामा शूजी या नामवंत कवी-नाटककाराने योजलेला होता. मृताचे नाव रिकिइशी तोरू. मात्र हा रिकिइशी कधी जन्मासच आला नव्हता. मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः येणाऱ्या चित्रकथेतील, जपानी भाषेत ज्याला मांगा म्हणतात त्या प्रकारातील, तो एक पात्र होता. आणि नायकही नव्हे, नायकाचा प्रतिस्पर्धी!

कागदावरच्या माणसासाठी मोठ्या माणसांना सुतक धरावयास लावणाऱ्या या लेखकाचे नाव काजिवारा इक्की. आज घरोघरी नातवंडे जपानी चित्रकथा पाहतात व वाचतात. त्यांतला नायक एकास हरवतो, मग त्याहून बलाढ्य दुसरा येतो, मग तिसरा. हा जिना पहिल्याने पक्का बांधला तो ज्या थोड्या लोकांनी, त्यांत काजिवारा यांचे नाव फार वर घ्यावे लागेल. त्यांच्या जिन्याची प्रत्येक पायरी मात्र नायकास फुकट मिळत नसे. पुढच्या अनेकांच्या जिन्यांपेक्षा त्यांचा जिना वेगळा ठरतो तो एवढ्याचसाठी.

त्यांचे मूळ नाव ताकामोरी आसाकी. जन्म ४ सप्टेंबर १९३६, टोकियोचा. वडील संपादनाच्या व्यवसायातले, तेव्हा अक्षरांचा संस्कार घरचाच होता. मुलगा मात्र दांडगा आणि तापट. १९४५ साली जपान शरण गेला त्या वेळी त्याला नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती. राखेतून उठणाऱ्या त्या शहरात १९५४ पासून दूरचित्रवाणीवर रिकिदोझान नावाच्या मल्लाच्या कुस्त्या दिसू लागल्या आणि रस्त्यावर मांडलेल्या संचांपुढे लोकांची झुंबड उडू लागली. हरलेल्या देशाला कोणीतरी जिंकताना पाहावयाचे होते. या भुकेची ओळख काजिवारांना पहिल्यापासून होती. १९५३ साली, अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांची मुष्टियुद्धावरील एक कथा मुलांच्या मासिकात आली होती. पुढे रिकिदोझानलाच पात्र करून लिहिलेल्या एका चित्रकथेने १९६२ साली त्यांचे नाव थोडे झाले. मनातून मात्र त्यांना गंभीर कादंबरीकार व्हावयाचे होते. मुलांच्या चित्रकथा लिहिणे म्हणजे पोटासाठी पत्करलेली चाकरी, अशी काहीशी खंत त्यांना दीर्घकाळ होती.

१९६६ साली कोदान्शाच्या ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकाने त्यांना गाठले. १९५९ साली सुरू झालेल्या या पत्राची स्थिती तेव्हा नाजूक होती. तेझुका ओसामु यांच्यासारखा चित्रकथांचा सम्राट आदल्याच वर्षी आपली चालू मालिका घेऊन प्रतिस्पर्धी साप्ताहिकाकडे गेला होता. काजिवारांनी लिहावे आणि कावासाकी नोबोरू यांनी चित्रे काढावीत असे ठरले. काजिवारा स्वतः चित्रे काढीत नसत. कादंबरीकारासारखे चौकटींच्या कागदावर गद्यच लिहून देत. या जोडीच्या हातून निर्माण झाली ती ‘क्योजिन नो होशी’, म्हणजे ‘जायंट्स संघाचा तारा’. १९६७च्या आरंभी साप्ताहिकाचा खप दहा लाखांवर गेला. यात एवढे काय आहे, असे खुद्द तेझुकांनी आपल्या साहाय्यकांना विचारले होते, अशी आख्यायिका आहे.

होते ते असे. होशी इत्तेत्सु हा बेसबॉलचा जुना खेळाडू. युद्धात खांदा जायबंदी होऊन त्याची कारकीर्द संपलेली. आता तो चाळीतल्या खोलीत राहून मजुरी करतो आणि आपले हुकलेले आयुष्य मुलाकडून वसूल करू पाहतो. मुलगा ह्यूमा लहान असतानाच बाप त्याच्या अंगावर स्प्रिंगांचा एक साज चढवतो. घास तोंडाशी नेतानाही हाताला ओढ बसावी, असा तो साज. मोठी बहीण आडोशाला उभी राहून रडते. ह्यूमा पुढे खरोखरच जायंट्स संघाचा गोलंदाज होतो. चेंडू वेगवान, पण शरीर लहानखुरे असल्यामुळे तो वजनाला हलका. फळीवर नीट बसला की थेट मैदानाबाहेर. नायकाचे हे वैगुण्य दूर करता येण्याजोगे नाही, हे वाचकाला कळून चुकते आणि गोष्ट तेथून खरी पकड घेते.

मग ह्यूमा एकामागून एक तीन अद्भुत चेंडू शोधून काढतो. पहिला चेंडू फलंदाजाची फळी नेमकी कोठे येणार हे ओळखून त्या फळीवरच जाऊन आदळतो आणि फलंदाज फुकट बाद होतो. श्रीमंत घरचा प्रतिस्पर्धी हानागाता लोखंडी फळीने लोखंडी गोळे मारण्याचा सराव करून तो चेंडू फोडतो, पण त्या एका फटक्यात त्याचे शरीर मोडते. दुसरा चेंडू धुळीच्या आड अदृश्य होतो. (येथे पदार्थविज्ञान शिकवणारे वाचक हसतील, त्यांनी खुशाल हसावे.) तिसरा मंद जातो आणि फळीच्या वाऱ्यानेच बाजूला सरकतो, जितका जोरदार फटका, तितका तो अधिक निसटतो. हा तिसरा चेंडू सर्वांत अजिंक्य, आणि तोच ह्यूमाचा हात आतून खात जातो. १९७१ साली मालिका संपली तेव्हा त्याने एकाही फलंदाजाला तळावर पोचू न देता अख्खा सामना जिंकला, आणि त्याच सामन्यात त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. समोरच्या संघाचा शिक्षक होता खुद्द बाप, आणि शेवटचा फलंदाज जिवलग मित्र.

दर आठवड्यास थोडी पाने. ती संपताना वाचकाने पुढच्या अंकासाठी हात पुढे केला पाहिजे, ही या धंद्याची अट. ती अट पुरी करण्यास शत्रू मोठा करीत जाणे हा सोपा मार्ग आहे आणि तो काजिवारांनीही वापरला. एक चेंडू टाकण्यास त्यांचे पात्र कित्येक पाने घेई. चेंडू सुटण्याआधी बालपण, बापाचा राग, बहिणीचे अश्रू सर्व आठवून होई. पण त्यांच्या वहीत जमेच्या बाजूला ताकद मांडली की खर्चाच्या बाजूला काहीतरी मांडलेच जाई. कधी हात, कधी मैत्री, कधी प्रेम. यामुळे पुढचा डाव केवळ अधिक कठीण न राहता अधिक महाग होत जाई, आणि वाचकाचा जीव टांगणीला लागे तो जिंकण्याहरण्यापेक्षा या हिशेबापायी.

‘आशिता नो जो’ म्हणजे ‘उद्याचा जो’ या कथेत हा हिशेब कळसाला पोचला. त्याच साप्ताहिकात त्यांची एक मालिका चालू असल्याने १९६८च्या आरंभी सुरू झालेल्या या दुसरीवर त्यांनी ताकामोरी आसाओ हे नाव घातले. चित्रकार चिबा तेत्सुया स्वतःच उत्तम कथाकार. मूळ मजकुरात फेरफार करण्याची मोकळीक त्यांनी मागितली आणि काजिवारांसारख्या अभिमानी माणसाने ती दिली. जो हा गरीब वस्तीतला अनाथ, भांडखोर पोरगा. सुधारगृहात त्याची गाठ रिकिइशीशी पडते. येथे एक गंमत घडली. हे दोघे पुढे रिंगणात समोरासमोर येणार आहेत याची कल्पना नसल्याने चिबांनी रिकिइशीला जोपेक्षा चांगला उंच आणि थोराड काढला. मुष्टियुद्धात वजनाचे गट असतात. असा माणूस जोशी लढणार कसा? दुसरा लेखक असता तर पुढील अंकात गुपचूप त्याची उंची कमी करून मोकळा झाला असता. काजिवारांनी त्या चुकीचेच कथेतील सर्वांत भयंकर प्रकरण केले. रिकिइशी जोच्या गटात उतरण्यासाठी सुमारे साडेत्रेपन्न किलोंच्या मर्यादेत येण्याचे ठरवतो. तो अन्न तोडतो, पाणी तोडतो, तळघरात स्वतःला कोंडून घेतो. तहानेने वेडा होऊन नळाकडे धावतो तर नळ तारांनी बांधून टाकलेले. मालकीणबाईने दयेने दिलेले कोमट पाणीही तो ओतून देतो. सामर्थ्य वाढवीत नेण्याच्या या कलेत एका पात्राने ते स्वतःहून कमी करीत जावे आणि तरीही तो अधिकाधिक भयावह वाटावा, ही किमया आम्हांस आजही अजोड वाटते. आठव्या फेरीत रिकिइशी जिंकतो, हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो आणि कोसळून मरतो. त्याला मारावे की नाही यावर लेखक आणि चित्रकार एका मद्यगृहात इतक्या तावातावाने बोलत होते की आजूबाजूचे लोक खऱ्या खुनाचा कट समजून घाबरले, असे सांगतात.

अंत्यविधीला आठवडा झाला नाही तोच, ३१ मार्च १९७० रोजी, जपानमधील डाव्या क्रांतिकारकांच्या एका टोळीने विमान पळवले आणि आपल्या निवेदनात स्वतःला उद्याचा जो म्हणवून घेतले. मुलांची गोष्ट आता मुलांची राहिली नव्हती.

सर्वोत्तम प्रतिस्पर्धी मेल्यावर मालिकेचे काय करावयाचे? काजिवारांनी जोला प्रथम लुळा केला. त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावर ठोसा मारता येईना. मारला की ओकारी येई. व्हेनेझुएलाच्या कार्लोसने त्याला पुन्हा माणसांत आणले, आणि मग विश्वविजेत्या मेंडोझाने त्या कार्लोसचीच शुद्ध कायमची हरवून टाकली. जोच्या मेंदूवरही ठोशांचा परिणाम दिसू लागलेला असतो. वाचकाला ते दिसते, थांबण्याची विनवणी करणारी माणसे दिसतात, तरी तो चालत राहतो. पंधरा फेऱ्यांनंतर जो गुणांवर हरतो. १९७३ साली छापलेल्या शेवटच्या चित्रात तो आपल्या कोपऱ्यात स्टुलावर डोळे मिटून, किंचित हसत बसला आहे. जिवंत की मृत, यावर वाद अद्याप चालूच आहे. काजिवारांनी लिहिलेला शेवट वेगळा होता. चिबांना तो पटला नाही. हे चित्र चिबांचे. मोठेपण दोघांचेही.

याच सुमारास, १९६८ ते १९७१, त्सुजी नाओकी यांच्या चित्रांसह ‘टायगर मास्क’ चालली. तिचा नायक दाते नाओतो. (आडनाव पाहून आमच्याकडील दाते मंडळींनी हक्क सांगू नये.) अनाथालयात वाढलेला हा मुलगा दुष्ट मल्ल तयार करणाऱ्या एका गुप्त तालमीत घडतो आणि वाघाचा मुखवटा घालून कुस्तीचे रिंगण गाजवतो. मिळकत मात्र तो गुपचूप आपल्या जुन्या अनाथालयाला देतो. मुलांसमोर नीट वागावे म्हणून पुढे तो कपटाने लढणेच सोडतो, म्हणजे आपले निम्मे शस्त्र टाकून देतो, आणि तालीम त्याच्यामागे एकाहून एक मारेकरी मल्ल धाडते. एवढ्या साऱ्यांतून वाचलेला हा वीर शेवटी एका मुलाला वाचवताना मालमोटारीखाली सापडतो. मरता मरता मुखवटा फेकून देतो, म्हणून वाघ कोण होता हे जगाला कळतच नाही.

यापुढील काजिवारा यांचे चरित्र सुखाचे नाही. एकाच वेळी अनेक मालिका चालू राहिल्या. कराटेवीर ओयामा मासुतात्सु यांच्यावरील मालिका (१९७१-७७) तर सत्यकथा म्हणून वाचली गेली, आणि तीत सत्य किती व रंग किती हे निवडणे कठीण झाले. १९७६ साली ह्यूमाला उजव्या हाताने परत आणून ‘नवा तारा’ काढण्यात आला. आमच्या मते हा त्यांनी स्वतःच्या वहीवर केलेला अन्याय होय. जो हात एकदा गेला तो गेलाच पाहिजे होता. स्वतःच्या आयुष्यातही त्यांनी दांडगाईचा जिना चढणे सोडले नाही. मल्ल, कराटेपटू, चित्रपटनिर्मिती, मद्य, मारामाऱ्या. मे १९८३ मध्ये एका संपादकास मारहाण केल्यावरून त्यांना अटक झाली, चालू मालिका बंद पडल्या, आणि त्याच वर्षी स्वादुपिंडाच्या भयंकर विकाराने त्यांना मृत्यूच्या दारात नेले. दांडगट देह वाळून गेला. त्या अवस्थेत त्यांनी आपल्या आयुष्यावरच एक मालिका लिहावयास घेतली. ती अपुरी टाकून २१ जानेवारी १९८७ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ते वारले.

तोवर जिना दुसऱ्यांच्या हाती गेला होता. १९८४ ते १९९५ या काळात तोरियामा आकिरा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ मध्ये योद्ध्याचे बळ आकड्यांत मोजणारे यंत्र आले. त्यावर बंदूकधारी शेतकऱ्याचे बळ पाच भरे, आणि फ्रीझा या खलपुरुषाचे पाच लाख तीस हजार. त्या मालिकेचा वेग आणि विनोद आम्हांस प्रिय आहे, आणि ज्या ‘शोनेन जंप’ मध्ये ती येई त्याचा खप १९९४च्या अखेरीस ६५ लाखांवर गेला, ही गोष्ट लहान नव्हे. पण त्या आकड्यानंतर तोरियामांनीच आकडे जवळजवळ सोडून दिले. तीत मेलेला वीर परतही येतो. रिकिइशी परत आला नाही.

मराठी मुलुखाशी काजिवारांचा संबंध आला तो मरणोत्तर. डिसेंबर २०१२ मध्ये ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही २६ भागांची हिंदी चित्रमालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. ही ‘क्योजिन नो होशी’च, पण घडते मुंबईच्या झोपडपट्टीत, बेसबॉलच्या जागी क्रिकेट, आणि बापाने मुलाच्या अंगावर चढवलेल्या स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूबा.

त्याआधी दोन वर्षे, २०१०च्या नाताळच्या दिवशी, जपानमधील माएबाशी शहरात मुलांच्या सरकारी कल्याण केंद्राच्या दाराशी शाळेची दहा नवी दप्तरे ठेवलेली आढळली. देणाऱ्याने नाव लिहिले होते दाते नाओतो. पुढल्या काही आठवड्यांत त्याच नावाने देशभरच्या अनाथालयांत दप्तरे, खेळणी आणि पैसे येऊन पडू लागले.