झाडूच्या दांड्याचं हँडल

माझी भाची शिकायला इटलीत असते. मागच्या मे महिन्यात तिने फोनवर फोटोंचा नुसता पाऊस पाडला. ग्रॅव्हल बाईक म्हणून एक जाड टायरची सायकल मिळते, ती भाड्याने घेऊन ती मैत्रिणींबरोबर चार दिवस भटकून आली होती. आधी गव्हाच्या शेतांमधून जाणारे खडीचे रस्ते, मग डोंगर, आणि डोंगर उतरला की एकदम समुद्र! कड्याच्या कडेकडेने वाट आणि खाली निळंशार पाणी. शेवटच्या फोटोबरोबर तिचा निरोप होता की याच भागातून शंभर वर्षांपूर्वी एक बाई पुरुषांच्या शर्यतीत सायकल चालवत गेली होती, मावशी, तू वाचच तिच्याबद्दल. मग काय, रात्रीची भांडी आवरली की मी तिच्याच मागे लागले.

तिचं नाव अल्फॉन्सिना. माहेरची मोरिनी, सासरची स्त्रादा. गंमत बघा, इटालियन भाषेत स्त्रादा म्हणजे रस्ता! जन्म १६ मार्च १८९१ चा, मोडेना आणि बोलोन्या या शहरांच्या मधल्या सपाट शेतीच्या मुलखात, कास्तेलफ्रांको एमिलियाजवळच्या एका खेड्यात. आईवडील शेतमजूर, घरात पोरांची रांग. ती दहा वर्षांची असताना वडिलांनी कुठूनशी एक मोडकी सायकल घरी आणली. दहा कोंबड्या देऊन आणली असं सांगतात. आणली त्यांनी स्वतःसाठी, पण तिच्यावर बसली लेक.

तेराव्या-चौदाव्या वर्षी ती आसपासच्या शर्यतींत जायला लागली. रविवारी चर्चला जाते असं आईला सांगायचं आणि पोचायचं शर्यतीला. एका शर्यतीत बक्षीस म्हणून तिला जिवंत डुक्कर मिळालं म्हणे! आता ते घरी नेताना चर्चचं काय सांगितलं असेल कोण जाणे. गावात मात्र तिला परकर घातलेला सैतान म्हणायचे. रस्त्याने सुसाट जाताना दिसली की लोक छातीवर क्रूसाची खूण करायचे. सायकल चालवून पोरगी बिघडते, पुढे मूलबाळ व्हायला त्रास होतो, हे तेव्हा युरोपातले शिकलेसवरलेले डॉक्टरसुद्धा सांगत. मी शाळेत असताना सायकल मागितली तेव्हा आमच्या आजीनेही हेच सांगितलं होतं. बिचारीने कुठल्याही डॉक्टरचं पुस्तक वाचलं नव्हतं.

घरच्यांनी शेवटी तोडगा काढला की सायकलच चालवायची असेल तर लग्न कर आणि सासरी जाऊन चालव. १९०५ मध्ये, चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं. इथे मी जरा अडखळले. गावोगावच्या बैठकांत मी बालविवाहाच्या विरोधात बोलत असते, त्यामुळे चौदा हा आकडा मला काही गोड लागला नाही. पण खरं सांगायचं तर नवरा मात्र तिला भला मिळाला. लुइजी स्त्रादा हा धातूवर नक्षीकाम करणारा कारागीर. त्याने लग्नाची भेट म्हणून बायकोला काय द्यावं? नवीकोरी सायकल! पुढे दोघं मिलानला राहायला गेली आणि तिचा सराव घेण्यात तोच पुढे असायचा. १९११ मध्ये तूरिनजवळच्या मोन्कालिएरी इथे तिने बायकांमधला वेगाचा विक्रम केला.

मग आलं पहिलं महायुद्ध. बरेचसे पुरुष आघाडीवर. लोंबार्दीची फेरी ही तिथली नावाजलेली शर्यत, तिच्या नियमांत बायकांना बंदी असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. बायका येतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार! १९१७ मध्ये ती पुरुषांबरोबर धावली आणि शेवटच्या घोळक्यात पोचली. पण पोचली. पुढच्या वर्षी पुन्हा गेली आणि एकविसावी आली.

१९२४ साल. जिरो द'इतालिया म्हणजे अख्ख्या इटलीला वळसा घालणारी सायकल शर्यत. ती भरवायचं ला गाझेता देल्लो स्पोर्त हे वर्तमानपत्र. त्या वर्षी पैशांवरून वाजलं आणि मोठमोठ्या कंपन्यांचे संघ आलेच नाहीत. नामवंत सायकलपटू घरी बसले. मग ज्याला यायचं त्याने एकट्याने यावं, खाण्यापिण्याचं आम्ही बघतो, असं जाहीर झालं. खाण्याची यादी वाचून माझ्यातली गृहिणी जागी झाली : ६०० कोंबड्या, ७२० अंडी, ४८०० केळी! दहा कोंबड्यांच्या सायकलवर शिकलेल्या या बाईनेही नाव दिलं, तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. संचालक एमिलियो कोलोम्बोने ते घेतलं. त्याला वाचक हवे होते, तिला कमाई हवी होती. नंबर मिळाला ७२. छापील यादीत मात्र नावातला शेवटचा ‘आ’ गळाला आणि अल्फॉन्सिनाची झाली अल्फॉन्सिन, म्हणजे ऐकणाऱ्याला पुरुषच वाटावा. ती चूक होती की शहाणपणाने केलेली चूक, ते तुम्हीच ठरवा.

१० मे ला मिलानहून ९० जण निघाले. एकूण ३६१३ किलोमीटर, बारा टप्पे, एकेक टप्पा तीनशेच्या घरातला, म्हणून अंधारातच निघायचं. डांबर तेव्हा शहरापुरतं, बाकी सगळी खडी आणि माती. ऊन असलं की धुराळा, पाऊस आला की चिखल. सायकलला गिअर बदलायची सोय नाही. चढ आला की खाली उतरायचं आणि मागचं चाक काढून उलटं बसवायचं. पंक्चर झालं की ज्याचं त्याने काढायचं, त्यासाठी जादाचं टायर आठच्या आकड्यासारखं खांद्याला अडकवलेलं.

पहिला टप्पा मैदानातून निघून डोंगर ओलांडून जेनोव्हाच्या बंदराला उतरायचा. दुसऱ्यात जेनोव्हाहून समुद्राला धरून, कड्यात कोरलेल्या रस्त्याने, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला सरळ पाणी. मग ब्राक्कोचा घाट चढून फ्लॉरेन्सकडे. भाचीचे फोटो याच बाजूचे. तिने एवढंच अंतर चार दिवसांत, मध्ये कॉफी पीत कापलं होतं. अल्फॉन्सिनाने तो तीनशे किलोमीटरचा टप्पा एका दमात पुरा केला, आणि बऱ्याच पुरुषांना मागे टाकून.

सगळं फिसकटलं ते आठव्या टप्प्यात. लाक्विलाहून पेरूजाला जायचं होतं. वारा, पाऊस, निसरडा उतार. ती पडली आणि हँडल मोडलं. हँडलशिवाय सायकल म्हणजे लगाम नसलेला घोडा. रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याघरून झाडूच्या दांड्याचा तुकडा मिळाला, तो मोडक्या जागी घट्ट बसवला आणि ती निघाली. पेरूजाला पोचेपर्यंत दिलेली वेळ उलटून गेली होती. पंचांमध्ये वाद झाला. काहींना तिला माफी द्यावीशी वाटत होती, पण नियम तो नियम. तिचं नाव यादीतून गेलं.

इतरांसारखी तीही गाडी पकडून घरी गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण कोलोम्बोने तिला विचारलं, की यादीबाहेर राहून पुढे येशील का, राहण्याजेवणाचा आणि मालीशवाल्याचा खर्च मी देतो. ती तयार झाली. म्हणजे नंबर नाही, बक्षीस नाही, पण तेच रस्ते आणि तेच अंतर. बोलोन्याहून फियूमेपर्यंतचा टप्पा तर ४१५ किलोमीटरचा होता. (फियूमे म्हणजे आत्ताच्या क्रोएशियातलं रिएका.) तिथे ती पुन्हा उशिरा पोचली, रडवेली आणि थकून गेलेली, आणि वाट पाहत थांबलेल्या लोकांनी तिला सायकलवरून उचलून घेतलं. १ जूनला मिलान आलं. यादीतले फक्त ३० जण तिथवर पोचले होते. पहिल्या आलेल्या जुझेप्पे एन्रिचीपेक्षा तिला काही तास नव्हे, तब्बल २८ तास जास्त लागले होते.

लोकांनी तिच्यासाठी वर्गणी जमवली, ती झाली ५०,००० लिरा. तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण झाडूच्या दांड्यापाशी रमतात. माझं मन अडकलं ते या पैशांत. कारण लग्नात सायकल देणारा तो लुइजी तोवर मनोरुग्णालयात होता. त्याचं मन पूर्ण ढासळलं होतं आणि रुग्णालयाचे पैसे भरायचे होते. जमलेली रक्कम त्यात गेली. स्त्रीमुक्तीची मशाल वगैरे तिला म्हणतात, म्हणू द्या. मला तर ती महिन्याचं बिल डोक्यात घेऊन घाट चढणारी बाई दिसते.

आमच्या बचत गटात एक ताई आहेत. नवऱ्याला लकवा झाल्यावर त्याचीच सायकल काढून त्यांनी दूध घालायला सुरुवात केली. साडी खोचून मधल्या दांड्याच्या सायकलवर बसतात म्हणून आधी गाव हसलं. त्यांना मी ही गोष्ट सांगितली. कितवा नंबर आला ते त्यांनी विचारलंच नाही. ते पन्नास हजार बाईच्या स्वतःच्या हातात मिळाले ना, एवढंच त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

पुढच्या वर्षी शर्यतीला मोठे संघ परत आले आणि अल्फॉन्सिनाला प्रवेश मिळाला नाही. आता गरज नव्हती ना! मग ती जत्रेत, सर्कशीत, लाकडी ट्रॅकवर सायकल चालवत राहिली. लुइजी गेल्यानंतर काही वर्षांनी, १९५० मध्ये, तिने कार्लो मेस्सोरी या जुन्या सायकलपटूशी लग्न केलं. मिलानमध्ये दोघांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. १९५७ मध्ये तोही गेला. दुकान एकटीने चालवायचं, रोजचं जाणं-येणं आता सायकलवर झेपेना, म्हणून तिने काय घेतलं असेल? लालभडक मोटो गुझी मोटरसायकल, ५०० सीसीची! त्यासाठी जुनी पदकंही विकली असं सांगतात.

१३ सप्टेंबर १९५९ ला ती त्याच मोटरसायकलवर वारेझेकडची एक सायकल शर्यत बघायला गेली. दिवसभर तिथे काढून संध्याकाळी घरी आली आणि दारात गाडीशी झटापट करतानाच कोसळली. हृदयविकाराचा झटका होता. वय अडुसष्ट.

कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरात गिझाल्लोच्या मातेचं देऊळ आहे, सायकलवाल्यांचं दैवत. तिथे नामवंतांच्या सायकली भिंतींवर टांगलेल्या असतात आणि त्यांत अल्फॉन्सिनाचीही एक आहे. भाची पुढच्या सुट्टीत तिकडे जाणार आहे. हँडलचा फोटो जवळून काढायला मी तिला बजावून ठेवलंय. दूधवाल्या ताईंना दाखवायचाय.