हँडगिअरच्या गाडीमागचा माणूस : वालचंद हिराचंद



तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या मुंबईकरांना एक प्रश्न. काळ्या-पिवळ्या फिएट टॅक्सीत पुढच्या सीटवर बसलात, तर ड्रायव्हरचा डावा हात कुठे असायचा? खाली मांडीजवळ नाही, तर स्टिअरिंगच्या मागे असलेल्या दांड्यावर. तोच त्या गाडीचा गिअर. त्याला सगळे हँडगिअर म्हणायचे. आजच्या मुलांना तो दाखवला तर त्यांना तो वायपरचा दांडा वाटेल!

ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची. तो कारखाना ज्यांनी उभा केला, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचं चरित्र आज आपण पाहू या. मुलांना उद्योजक हा धडा शिकवताना ते तुम्हाला नक्की उपयोगी पडेल.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं गुजराती जैन दोशींचं, पण सोलापुरात रुजलेलं. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. वालचंद मुंबईत आणि पुण्यात शिकले, पण पदवी काही हाती आली नाही. पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचं मन रमेना. काहीतरी बांधावं, उभं करावं, ही त्यांची ओढ. मग त्यांनी रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी केली आणि रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून झाली. पुढे बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि तानसाहून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळाचं काम, अशी मोठमोठी कामं त्यांच्या कंपन्यांनी केली. म्हणजे बघा, गिरगावातल्या चाळीत नळाला पाणी यायचं, त्यातही या माणसाच्या कामाचा वाटा होता.

१९१९ साली त्यांनी आणखी मोठी उडी घेतली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची एक बोट विकायला होती. नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना बरोबर घेऊन वालचंदांनी ती विकत घेतली आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी सुरू झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ नावाची ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. आज आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो याच प्रवासाची आठवण म्हणून. त्या काळी समुद्रावर इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी भाडी पाडून सिंधियाला बुडवायचा प्रयत्न केला. कंपनी तगली, पण वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

आता गाडीकडे वळू या. इथे एक फरक मुलांना नीट समजावून सांगा : गाडी जोडणं वेगळं आणि गाडी बनवणं वेगळं. लालबाग-परळच्या शेजारी शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ सालीच कारखाना काढला होता. पण तिथे काय व्हायचं? परदेशातून खोक्यांत भरून सुटे भाग यायचे आणि इथले कामगार ते जोडायचे. हात आपले, पण इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यामागचं ज्ञान बाहेरचं. उद्या खोकी यायची थांबली, की कारखाना बंद. वालचंदांना नेमकं हेच बदलायचं होतं.

१९३० नंतरच्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबईत मोटारींचा कारखाना काढण्याची योजना तयार केली. वालचंद तिच्यामागे उभे राहिले. बाळासाहेब खेर यांचं मुंबईचं मंत्रिमंडळही अनुकूल होतं. पण दिल्लीच्या इंग्रज सरकारने साथ दिली नाही. वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, क्रायस्लरशी मात्र १९४० साली करार झाला. तेवढ्यात महायुद्ध पेटलेलं. यंत्रं आणायची तर सरकारची परवानगी हवी, आणि ती मिळेना.

मग हा माणूस हात बांधून बसला का? मुळीच नाही. १९४० च्या डिसेंबरात त्यांनी म्हैसूर सरकारच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी काढली. १९४१ च्या जूनमध्ये विशाखापट्टणमला जहाज बांधण्याच्या कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. विमान कंपनी पुढे सरकारने युद्धासाठी ताब्यात घेतली. जहाज कारखाना अर्धवट असताना १९४२ मध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. तरी मोटारीचा हट्ट सुटला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. युद्ध संपल्यावर कुर्ल्याला यंत्रं आली आणि १९४७ मध्ये तिथून डॉजच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात जोडणीनेच झाली, हे मान्य केलं पाहिजे. पण एकेक भाग इथेच बनवत जायचं, हे धोरण ठरलेलं होतं.

या मोठ्या अमेरिकन गाड्या आपल्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून प्रीमियरने इटलीच्या फिएटशी हात मिळवला. पण तोवर वालचंदांची तब्येत पार ढासळली होती. पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० साली त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

आणि तुमच्या-आमच्या ओळखीची फिएट ११०० कुर्ल्यातून बाहेर पडू लागली १९५४ साली! ज्या गाडीने गिरगाव, दादर, परळ, लालबाग पिढ्यान्‌पिढ्या फिरलं, ती गाडी वालचंदांनी रस्त्यावर पाहिलीच नाही.

या गाडीच्या गमतीही मुलांना सांगा बरं का. सुरुवातीच्या मॉडेलची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागच्या बाजूला! तिच्या गुबगुबीत आकारामुळे लोक तिला डुक्कर फिएट म्हणायचे. खिडकीला पुढे एक छोटी तिकोनी काच असे. ती तिरकी केली की वारा थेट अंगावर यायचा, एसीची गरजच नाही. थंड इंजिन चालू करायला चोक ओढावा लागे. गिअर स्टिअरिंगजवळ असल्यामुळे पुढे सलग बाकासारखी सीट बसवता यायची आणि ड्रायव्हरशेजारी दोन माणसं मावायची. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत लोखंडी सळ्यांची जोडणी असे. ती झिजली की गिअर अडकायचा. मग टॅक्सीवाला उतरून बॉनेट उघडायचा, हाताने सळी हलवायचा आणि पुन्हा निघायचा.

गिअर म्हणजे काय, हे सायकलवरून समजावता येईल. चढावर जोर जास्त लागतो, तेव्हा वेग सोडून जोर घ्यायचा, तो खालचा गिअर. सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा, तो वरचा. आणि बदलताना क्लच दाबून इंजिन आणि गिअरबॉक्स क्षणभर वेगळे करायचे, नाहीतर दाते खरखरतात. वालचंदांचं आयुष्यही काहीसं असंच गेलं नाही का? चढ आला की ते थांबले नाहीत, वेग कमी करून जोर लावला. मोटार अडली तेव्हा विमान आणि जहाज, आणि संधी येताच पुन्हा मोटार.

ही गाडी १९७० नंतरच्या दशकात पद्मिनी झाली, चितोडच्या राणीच्या नावाने. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन बंद पडलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली.

गाडी गेली, पण माणसाच्या खुणा आहेत. बॅलार्ड इस्टेटला वालचंद हिराचंद मार्ग आहे, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे, सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. रावळगावची गोळी तर तुम्ही खाल्लीच असेल, तीही मूळची त्यांच्याच कारखान्याची.

वर्गात एक छोटा उपक्रम घ्या. मुलांना घरातल्या आजी-आजोबांना, शेजारच्या टॅक्सीवाल्या काकांना हँडगिअरबद्दल विचारून दहा ओळी लिहून आणायला सांगा. आणि मग एकच प्रश्न विचारा : आपल्या घरातल्या कोणत्या वस्तू इथे बनतात आणि कोणत्या नुसत्या इथे जोडल्या जातात? उत्तरं शोधताना मुलांना वालचंदांचा हट्ट आपोआप कळेल.