हैदराबादचे क्लोरोफॉर्म-संशोधक : डॉ. एडवर्ड लॉरी

कोठीतील उस्मानिया मेडिकल कॉलेज आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची सुरुवात १८४६ साली हैदराबाद मेडिकल स्कूल या नावाने झाली. या शाळेचे नाव जगभर पोहोचवले ते डॉ. एडवर्ड लॉरी यांनी.

लॉरी यांचे शिक्षण एडिंबरो येथे झाले. प्रसिद्ध शल्यविशारद जेम्स साइम हे त्यांचे गुरू. पुढे लाहोरला अध्यापन करून १८८५ च्या सुमारास ते रेसिडेन्सी सर्जन म्हणून हैदराबादेत आले आणि मेडिकल स्कूलची धुराही त्यांच्याकडे आली. त्यांच्याच काळात मुलींनाही तेथे प्रवेश मिळाला. त्यांपैकी रूपाबाई फरदुनजी पुढे भूल देण्याच्या कामात नावारूपाला आल्या.

शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्मची भूल देण्याची पद्धत १८४७ साली सुरू झाली. परंतु कधी कधी धडधाकट रोगीही टेबलावरच दगावत. असे का होते? काहींच्या मते हृदय आधी बंद पडे, म्हणून नाडी सोडायची नाही. साइम यांच्या शिष्यांच्या मते श्वास आधी थांबे, म्हणून श्वासावर लक्ष ठेवायचे. डॉक्टरने नेमके कशावर लक्ष ठेवावे, यावर रोग्याचा जीव अवलंबून होता.

लॉरी यांनी १८८८ साली कुत्र्यांवर प्रयोग करवून घेतले. श्वास आधी थांबतो, असा निष्कर्ष निघाला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला तो पटला नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी तज्ज्ञ पाठवण्यासाठी १००० पौंड दिले. १८८९ साली औषधशास्त्राचे नामवंत अभ्यासक लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले; रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी यंत्राने घेतल्या गेल्या. ब्रंटन आले होते ते हृदयाच्या धोक्यावर विश्वास ठेवून. प्रयोगांनंतर त्यांनी आपले मत बदलले.

मात्र प्रश्न येथे संपला नाही. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की भूल हलकी असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडून ते एकाएकी बंद पडू शकते. हैदराबादच्या प्रयोगांत हा धोका नजरेतून सुटला होता. हृदयाला थेट धोका नाही, हे लॉरी यांचे ठाम मत चुकीचे ठरले. १९१५ साली त्यांचे निधन झाले.

मग त्यांचे श्रम वाया गेले का? नाही. श्वासाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे, ही त्यांची शिकवण आजही खरी आहे. आता क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहातून गेला आहे, आणि भूल देणारे डॉक्टर श्वास व हृदय या दोन्हींवर सतत लक्ष ठेवतात. शेकडो प्रयोगांनंतरही एखादी शक्यता तपासायची राहून जाते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे आणि आपले उत्तर पुन्हा तपासायला कधीही कमीपणा मानू नये.