प्रश्नाला उत्तर देणारा प्राध्यापक

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव मराठी घराघरांत आदराने घेतले जाते. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचे नाव मात्र कित्येक वर्षे दबक्या आवाजातच निघे. त्यांनी हाती घेतलेला विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हता, हाच काय तो त्यांचा अपराध!

र. धों. कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातल्या मुरूडचा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळी असे घरोघरी घडे आणि लोक नशिबाला बोल लावून गप्प बसत. रघुनाथराव पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. आकडेमोडीत रमणाऱ्या या माणसाला नशिबाचा हिशेब पटण्यासारखा नव्हता.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असेच केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. यावरून कर्वे काळाच्या किती पुढे होते, हे ध्यानात येईल. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, हेही त्यांनी मराठीत सरळ शब्दांत लिहिले. त्याची किंमतही मोजली. विल्सन कॉलेजच्या चालकांना हा प्रचार रुचला नाही आणि १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई मात्र त्यांच्या पाठीशी खंबीर उभ्या राहिल्या.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. जे प्रश्न घरी विचारता येत नव्हते, ते वाचक तिथे पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामविषयक लिखाण तेवढ्यामुळे अश्लील ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, दंड झाला, पण मासिक बंद पडले नाही.

माझी उमर बँकेत गेली. खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही, हा तिथला पहिला धडा. पैशाची गुपिते एवढी जपायची, तर शरीराच्या दुखण्याची किती जपावीत? बभ्रा होईल या धास्तीने माणूस आजार लपवतो, कुठल्यातरी भोंदूकडे जातो आणि शेवटी भोगावे लागते घरच्या लक्ष्मीला.

आमच्या माढा तालुक्यात कुर्डुवाडीचे रेल्वे जंक्शन आहे, साखर कारखाने आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, ट्रकवाले येतात-जातात. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणाऱ्या अशा माणसांना या आजारांचा धोका अधिक. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि तृतीयपंथी यांचे तर दुहेरी हाल. दुखणे आहेच, वर तिरस्कारही. आज सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये गुप्तरोगांवर मोफत उपचार मिळतात, समुपदेशन केंद्रांत एचआयव्हीची तपासणीही मोफत होते. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीबाधिताचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. १०९७ या क्रमांकावर फोन करून नाव न सांगताही माहिती विचारता येते. सोय आहे, अडतो तो उंबरठाच.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. सव्वीस वर्षे चाललेले मासिक त्यांच्या पाठोपाठ थांबले. आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, देशाने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला होता. ज्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, ते आता सरकारचे काम झाले होते. आपल्याकडे उरले आहे ते काम त्याहून सोपे आहे. घरातल्या तरुण मुलाने किंवा मुलीने एखादा अवघड प्रश्न विचारला, तर डोळे वटारू नयेत. उत्तर ठाऊक नसेल, तर निदान दवाखान्याचा रस्ता दाखवावा.